बाणा

मुख्य अभियंता झाले त्याच आठवड्यात
वर्धा रोडच्या हॉटेलात दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं,
महिला अधिकाऱ्यांसाठी, जेवणासह.
एसी असा की सगळ्यांनी पदर अंगभर ओढून घेतले.
केतकी मॅडम पुण्याहून आल्या होत्या. म्हणाल्या,
नेतृत्व म्हणजे आहात तशा दिसणं.
घसा कोरडा पडला होता. मी उठून म्हटलं,
मॅडम, थोडं पानी मिळेल का.
त्या गोड हसल्या. पाणी, म्हणाल्या. ण.
जीभ टाळूला लावा.

लावली.
तीस वर्षं लावतेच आहे, त्यांना कुठं ठाऊक.
कॉलेजात लावली, मुलाखतीत लावली,
सासरच्या ओसरीत तर पहिल्या दिवसापासून.
आता झोपेत तहान लागली तरी ण येतो.
त्या दिवशी कशी घसरली कोण जाणे.

टिमकीत आमच्या दोन खोल्या.
एकीत माग, दुसरीत आम्ही सात.
मागाला जागा जास्त होती, त्यानं कधी तक्रार केली नाही.
आई कांड्या भरायची. तिच्याकडं साड्या असायच्या
विकायच्या. नेसायच्या वेगळ्या.
बाणा म्हणजे आमच्याकडं आडवा धागा,
एवढाच अर्थ.
धोट्यातून जातो, फिरून येतो,
तुटला तर थुंकी लावून जोडतात.
शाळेत एक पाहुणे टेबलावर मूठ आपटून
आपला बाणा, आपला बाणा म्हणाले,
तेव्हा मला वाटलं, यांच्याही घरी माग आहे.

मग मुख्यालयाचं पत्र आलं:
आठ मार्चला पारंपरिक वेशात यावे,
नऊवारी, नथ, छायाचित्र होईल.
नथ आईला कधी नव्हती. मी सीताबर्डीवरून भाड्यानं आणली,
चापाची, डिपॉझिट दोनशे.
फोटोखाली छापलं होतं, मुळांशी घट्ट.
मूळ संध्याकाळी सहाच्या आत परत करायचं होतं.

आणि टिमकीत लग्नाला गेले तर
वहिनी म्हणते, बेबी आता पुस्तकावानी बोलते बाई.
आपल्या पदरानं खुर्ची पुसून देते.
मी त्या खुर्चीवर बसले. जेवले.
भाजीचा रस्सा तिखट लागला तेव्हा
सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, रडते का बघायला.

नवतपा. रात्रीचा दीड.
पारडीचं उपकेंद्र बसलं.
अर्धं शहर गच्च्यांवर, कूलर मुके,
कोणी अंगणात खाटेवर पाणी शिंपडतंय.
एक नगरसेवक, दोन वार्ताहर, एका दवाखान्याचे मालक,
सगळ्यांशी शुद्ध बोलले. वाक्य संपवून, क्रियापदासह.
मग लाईनवर मडावी आले
आणि तोंडातून निघून गेलं,
काऊन जी मडावी, किती वेळ लागून राह्यला?

पलीकडं काही नाही. मग हसू.
म्याडम, राग नका मानू,
तुमची बोली आता नाटकातल्यासारखी वाटते.
थोडं थांबून म्हणाले,
पण समजली जी. पंधरा मिन्टं द्या.

सतरा लागली.
त्या सतरा मिनिटांत मी नकाशावरच्या
लाल दिव्याकडं पाहत
मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा बोलून पाहिलं.
कुठं चुकलं? राह्यला की राहिला?
माझीच बोली, आणि मीच तिची उजळणी करत होते.

दिवे आले. कंट्रोल रूममध्ये कोणीतरी टाळी वाजवली.
नवी ऑपरेटर, गोंदियाकडची, वर्ष नाही झालं लागून,
माठाशी उभी.
म्याडम, पानी देऊ?

जीभ माझी, सवयीनं,
टाळूकडं निघाली होती.
तिनं ग्लास आधीच भरला होता,
बाहेरून ओला, बोटांचे ठसे उमटलेला.

दे, म्हटलं.
त्यात ण नव्हता, न नव्हता.
उभ्यानंच प्याले.